पिप, लॉट, लेव्हरेज : शब्दांआडचा व्यवहार

चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत आपली अनेक मुले कामाला आहेत. पाळी सुटली की त्यांच्यात हल्ली क्रिकेटच्या जोडीला 'फॉरेक्स'च्या गप्पाही ऐकू येतात. लॉट, पिप, लेव्हरेज हे शब्द त्यांना पाठ असतात. अर्थ विचारला तर गडबड होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर हे शब्द पडतात ते बहुधा पैसे बुडाल्यावरच. म्हणून आधी शब्दच पाहू.

परकीय चलन या पट्ट्याला नवे नाही. येथून गाड्या आणि सुटे भाग परदेशी जातात. समजा, एका कारखानदाराने दहा हजार डॉलरचा माल पाठवला आणि पैसे नव्वद दिवसांनी मिळणार आहेत. आज डॉलर ८५ रुपये असेल आणि तेव्हा ८३ झाला, तर वीस हजार रुपये गेले. म्हणून तो बँकेशी पुढच्या तारखेचा दर आजच ठरवतो. याला फॉरवर्ड म्हणतात. येथे माल खरा आहे, धोका खरा आहे आणि हेतू तो कमी करण्याचा आहे.

मोबाईलवरचा व्यवहार याच्या उलट आहे. तेथे माल नसतो. धोका मुद्दाम विकत घ्यायचा असतो. युरो-डॉलर ही चलनांची जोडी. दर १.१००० म्हणजे एका युरोला एक डॉलर दहा सेंट. त्यातला चौथा दशांश हलला की एक पिप. पूर्ण लॉट एक लाख युरोंचा, म्हणून एका पिपला दहा डॉलर. स्प्रेड आपल्या ओळखीचा आहे : उमराहला जाताना रियाल घेतो तो दर जास्त आणि उरलेले परत देतो तो कमी, तोच हा फरक. सौदा केला त्या क्षणीच माणूस तेवढा तोट्यात असतो.

खरी मेख लेव्हरेजमध्ये आहे. १:१०० लेव्हरेज म्हणजे दहा हजार रुपये ठेवून दहा लाखांचा सौदा. ते दहा हजार म्हणजे मार्जिन. दर एक टक्का वर गेला तर पैसे दुप्पट, आणि जाहिरातीत एवढेच सांगतात. एक टक्का खाली आला तर सगळे साफ. बरेचदा त्याआधीच कंपनी सौदा आपोआप बंद करते. एक टक्क्याची हालचाल दोन-चार दिवसांत सहज होते. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

सौदा रात्रभर उघडा ठेवला की स्वॅप लागतो. तो दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक असतो, म्हणजे सरळ व्याजच. म्हणून 'इस्लामी खाते' नावाने स्वॅप नसलेले खाते विकले जाते. आमच्या मते नुसत्या नावाने प्रश्न सुटत नाही. फिकहमध्ये चलनांच्या अदलाबदलीला सर्फ म्हणतात आणि त्यात ताबा तिथल्या तिथे, हातोहात व्हावा लागतो. शिवाय लेव्हरेज हे कर्ज आहे आणि ते देणारा त्याच सौद्यावर कमाई करतो. राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने २००६ मध्ये मक्केत मार्जिनवरचा असा व्यापार नाजायज ठरवला. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेनेही २०१२ मध्ये व्यक्तींनी ऑनलाइन करायच्या चलन-सट्ट्याविरुद्ध निर्णय दिला.

आता देशाचा कायदा. १९९९ च्या फेमा कायद्याखाली परवानगी आहे ती अधिकृत बँका, विक्रेते आणि मान्यताप्राप्त शेअर बाजारांतूनच. ३ मे २०२४ पासून तर बाजारातही रुपयाच्या जोडीचा सौदा करणाऱ्याकडे खरी आयात-निर्यात किंवा तशी देणी-घेणी असणे आवश्यक आहे. परदेशी ॲपला मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत ॲप-संकेतस्थळांची सतर्कता यादी काढली. तीत तेव्हा ३४ नावे होती, पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून ॲप अधिकृत ठरत नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना बहुधा नवा निरोप येतो : नफा काढायचा तर आधी 'कर' भरा. तो भरू नये. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली, तरच ते गोठवता येण्याची आशा असते.