शायॅनचे उड्डाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी वायोमिंग या उंच पठारी संस्थानाची राजधानी असलेल्या शायॅन येथे, 11 एप्रिल 1996 रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास, पावसाच्या सरी कोसळू लागल्या असताना, सेसना कार्डिनल जातीचे एक चार आसनी विमान धावपट्टी सोडून वर चढले, उजवीकडे वळू लागले आणि थोड्याच अवधीत जवळच्या वस्तीतील एका रस्त्यालगत कोसळले. आतील तिघेही दगावले. त्या तिघांत जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी होती, आणि एवढ्या लहान वयात विमान हाकीत देश ओलांडण्याचा तिचा बेत वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने इतका गाजविला होता की, अपघातानंतर उसळलेला लोकक्षोभही साहजिकच एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: पोरीच्या हाती विमान दिले कोणी? प्रश्न रास्त होता. परंतु विमान का पडले, याचे उत्तर त्यात नव्हते.

अमेरिकेत विमान शिकणाऱ्याला एकट्याने उड्डाण करण्याचा परवानाही सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. सबब जेसिका डाव्या आसनावर उशी घेऊन बसत असली, आणि तिचे पाय पोचावेत म्हणून पॅडलांना जोड लावण्याची तजवीज केलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने विमानाचे वैमानिक होते ते उजव्या आसनावरील तिचे शिक्षक. मागे तिचे वडील होते. आदल्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील हाफ मून बे येथून निघून ही मंडळी शायॅनला मुक्कामास आली होती. अटलांटिकच्या तीरावरील फॅल्मथ गाठून आठ दिवसांत परतावयाचे, असा संकल्प होता. गंमत अशी की, ‘सर्वांत लहान वैमानिक’ या विक्रमाची नोंद घेणे गिनेस बुकाने त्यापूर्वीच बंद केले होते.

आता शायॅनच्या हवेकडे वळू. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून 6,156 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही दोनशे मीटरांपेक्षा अधिक उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते, आणि त्या दिवशीचे तापमान व वायुभार लक्षात घेता विमानाच्या दृष्टीने ती हवा 6,670 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होती. विरळ हवेचा जाच तिहेरी असतो: इंजिनाला प्राणवायू कमी मिळून अशा उंचीवर साध्या इंजिनाची सुमारे एक पंचमांश शक्ती घटते, पंख्याचा रेटा मंदावतो, आणि पंखांना पुरेशी उचल मिळण्यासाठी विमानाला अधिक वेगाने पळावे लागते. शिक्षकांचा सराव होता तो समुद्रकाठच्या दाट हवेत उडण्याचा. त्यात विमानाला मंजूर असलेले कमाल वजन 2,500 पौंड असताना, ते निघतेवेळी त्याहून 96 पौंडांनी, म्हणजे सुमारे 44 किलोंनी जड होते. हा बोजा काही प्रचंड नव्हे, आणि याच खातरजमेवर अनेक वैमानिक अशी कसूर पुन्हा पुन्हा करून सुखरूप उतरतातही. परंतु दुबळ्या झालेल्या इंजिनाला तोही जड जातो.

एवढ्यावरही विमान कदाचित निभावून गेले असते. पण वायव्येकडे तोंड असलेल्या त्या धावपट्टीवर वीस नॉट वेगाचा वारा तीस नॉटपर्यंत झोत मारीत होता आणि गडगडाटी वादळ चालून येत होते. त्या वादळाला बगल देण्यासाठी विमान पूर्वेकडे वळले, आणि येथे उड्डाणशास्त्रातील एक कठोर नियम आडवा आला. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की, इंजिन सुरळीत चालू असतानाही पंखावरील प्रवाह तुटतो आणि उचल ढासळते; यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. ज्या वेगाखाली ही आपत्ती ओढवते, तो वेग वजनाबरोबर वाढतो आणि विमान कलते करून वळविले असताना आणखी वाढतो. उंची कायम राखून तीस अंशांत कललेल्या विमानाला तो सात टक्क्यांनी अधिक लागतो. शिवाय वारा पाठीशी आला की, जमीन झपाझप मागे सरताना दिसते आणि आपण पुरेशा वेगात आहोत असा भास होतो. काचेवर पाणी वाहत असताना क्षितिजही नीट दिसत नाही. अशा वेळी वेगदर्शक काट्याखेरीज कशावर विश्वास टाकणे धोक्याचे असते. जमिनीपासून काही शे फुटांवर स्टॉल झालेल्या विमानाला सावरण्यास लागणारी उंचीच उरलेली नसते.

सूचना मिळाल्या नव्हत्या असे नाही. हवामान कळविणाऱ्या कचेरीने प्रतिकूल परिस्थितीची जाणीव दिली होती. थोड्या वेळापूर्वी उडालेल्या दुसऱ्या वैमानिकाने वारा एकाएकी पालटत असल्याची दिलेली खबर मनोऱ्याने या विमानाला कळविली होती. पण मुलाखती ठरलेल्या, पुढच्या मुक्कामी बातमीदार ताटकळत बसलेले, विमानात चित्रीकरणासाठी एका वृत्तसंस्थेने दिलेला कॅमेरा. वादळ पोचण्यापूर्वी निसटावयाचे एवढाच ध्यास उरला होता. चाकाखाली लावलेला ठोकळा न काढताच इंजिन सुरू करण्यात आले आणि तो काढण्यासाठी ते बंद करावे लागले, या एका तपशिलावरून त्या सकाळच्या घाईची कल्पना यावी.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सविस्तर तपासाअंती दिलेला निष्कर्ष असा की, बिघडत्या हवेत, अधिक वजनानिशी आणि सराव नसलेल्या विरळ हवेत उड्डाण करण्याचा निर्णय चुकीचा होता, वेग न राखल्याने स्टॉल झाला, आणि प्रसिद्धिमाध्यमांना दिलेल्या वचनांमुळे काही अंशी आलेला अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रकाचा आग्रहही त्यास कारणीभूत ठरला. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून, परवाना नसलेल्या व्यक्तीस विक्रमासाठी वा पराक्रम म्हणून विमान चालवू देण्यास वैमानिकांना मनाई केली. कायदा योग्यच आहे. मात्र मंडळाने त्या उड्डाणाचा दोष ठेवला आहे तो रीतसर परवाना असलेल्या प्रौढ वैमानिकाच्या निर्णयावर.