वस्तऱ्याची धार

पोलादपूर हें नांवच पोलादाचें. परंतु पोलादाची परीक्षा नांवानें होत नाहीं, ती धारेनें होते. हा धडा आम्हांस एका जुन्या वस्तऱ्यानें दिला. सन २०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुरानें महाड शहर पाण्याखालीं गेलें, हें येथील कोणीहि विसरलेलें नाहीं. पाणी ओसरल्यावर घरांतील चिखल उपसतांना आमच्या एका विद्यार्थ्यास पत्र्याच्या पेटींत पणजोबांचा वस्तरा सांपडला. तो गंजानें तांबडा झाला होता. मुलानें तो शहाबादी फरशीवर घांसला, वडिलांच्या कमरपट्ट्यावर ओढून पाहिला. धार कांहीं येईना. शेवटीं आमच्याकडे येऊन तो म्हणाला, "सर, आजी म्हणते, हा टाकूं नको. याला पुन्हां धार लागेल का?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्ही जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम, धार म्हणजे काय? पात्याच्या दोन्ही बाजू उतरत उतरत जेथें एकमेकींस मिळतात, ती रेषा म्हणजे धार. चांगल्या वस्तऱ्यांत हे दोन उतार सुमारें १६ ते १७ अंशांच्या कोनांत मिळतात, आणि त्या रेषेची जाडी एक मायक्रॉनपेक्षांहि कमी असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून धारेच्या नाजूकपणाची कल्पना करावी. अशी रेषा ओलाव्यानें लवकर गंजते. शिवाय केस कापतांनाहि तिला इजा होते. केस तर पोलादापेक्षां सुमारें ५० पटींनीं मऊ! मग धार बोथट कां व्हावी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनीं सन २०२० मध्यें याचा उलगडा केला. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांस असें दिसलें कीं, धार नुसती झिजत नाहीं. केस तिरपा भेटला, आणि त्या ठिकाणीं पोलादाची घडण एकसारखी नसली, म्हणजे धारेचे अतिसूक्ष्म टवके उडतात.

ही हानि भरून काढण्याचीं साधनें तीन: दगड, लेप आणि पट्टा. तिघांचीं कामें निरनिराळीं आहेत. एकाचें काम दुसऱ्याकडून करवूं पाहणें हीच बहुतेकांची चूक होते, आणि आमच्या विद्यार्थ्याचीहि तीच झाली होती.

दगड उतार घडवितो. गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोंचले असतील, अथवा टवके मोठे असतील, तर दगडावांचून गति नाहीं. १००० क्रमांकाच्या दगडापासून आरंभ करून ४००० व ८००० अशा अधिकाधिक बारीक दगडांवर यावें. दगड सपाट व पाण्यानें भिजविलेला असावा. वस्तऱ्याची पाठ व धार एकाच वेळीं दगडास टेकवून, धार पुढें ठेवून तो सरकवावा. पाठ उचलली कीं कोन बिघडला. कारण पाठीची जाडी कारागिरानें मुळीं त्या कोनासाठींच योजिलेली असते.

लेप ती धार गुळगुळीत करतो. दगडानें पडलेले सूक्ष्म चरे लेपांतील कण घांसून काढतात. हिरवा लेप क्रोमियम ऑक्साइडचा. त्याचे कण बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात. तांबडा लेप लोहाच्या ऑक्साइडचा. सोन्याचांदीच्या दागिन्यांस झिलई देण्यासाठींहि तो वापरतात. मौज अशी कीं, गंज म्हणजेहि लोहाचें ऑक्साइडच. ज्यानें वस्तरा नासला, त्याच्याच जातीचा पदार्थ बारीक दळून नीट वापरला म्हणजे वस्तऱ्यास झिलई देतो! तिसरा लेप हिऱ्याच्या भुकटीचा. हा पोलाद फार लवकर कापतो, म्हणून तो अतिशय बेतानें वापरावा.

लेप जाड सुती पट्ट्यावर, किंवा सपाट फळीवर चिकटविलेल्या चामड्यावर लावावा. थर इतका पातळ असावा कीं, रंग जेमतेम दिसावा. एका पट्ट्यावर एकच लेप लावावा. जाड कण बारीक कणांत मिसळले तर सारें काम फुकट जातें. वस्तरा दहाएक वेळां हलक्या हातानें फिरविला म्हणजे पुरे. लेप रोज वापरावयाचा नसतो. नुसत्या पट्ट्यानें भागेनासें झालें म्हणजेच तो घ्यावा. अति केल्यास उतार गोलावतात, आणि पुन्हां दगडाकडे जावें लागतें.

पट्टा मात्र रोजचा सोबती. त्यावर लेप नसावा. दाढी करण्यापूर्वीं वस्तरा प्रथम कापडी पट्ट्यावर वीसतीस वेळां, मग स्वच्छ चामड्यावर चाळीसपन्नास वेळां ओढावा. येथें दगडाच्या उलट रीत आहे: पाठ पुढें व धार मागें. टोकास पोंचल्यावर वस्तरा पाठीवर उलटावा. धारेवर उलटल्यास पट्टाहि कापतो व धारहि जाते. पट्टा ताणलेला असावा, कारण सैल पट्ट्यानें धार गोलावते. पूर्वीं धोकटी घेऊन गांवोगांव फिरणारे नाभिक बंधु तळहातावरच वस्तरा पाजळीत. ती कला पाहून नवख्यानें तिचें अनुकरण करूं नये.

काम झाल्यावर पातें धुवून कोरडें पुसावें व शिलाईयंत्राच्या तेलाचें बोट लावावें. आमच्या कोंकणच्या पावसाळ्यांत तर हें चुकवूंच नये. विद्यार्थ्यांस आणखी दोन सूचना: वडील माणूस जवळ असल्यावांचून वस्तऱ्यास हात लावूं नये, आणि धार अंगठ्यावर कधींहि पाहूं नये. दुसऱ्याचा वस्तराहि वापरूं नये. रक्ताच्या सूक्ष्म अंशानें काविळीचे कांहीं प्रकार पसरतात. केशकर्तनालयांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नवें ब्लेड घालावयाचें, तें यासाठींच.

असो. त्या वस्तऱ्याच्या एका टोकाशीं खड्डे धारेपर्यंत गेले होते. आम्ही व तो मुलगा कित्येक संध्याकाळ दगडावर बसलों. मग हिरवा लेप, मग पट्टा. एके दिवशीं हाताच्या कातडीला न टेकतां वस्तऱ्यानें वरचेवर केस उडविला, तेव्हां मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशीं त्याची आजी स्वतः शाळेंत आली. वस्तरा हातांत घेऊन ती म्हणाली, "सर, आमच्या मामंजींच्या डोईला गांवचा न्हावी हात लावीत नव्हता. म्हणून त्यांनीं हा मुंबईहून आणला. साऱ्या वस्तीची हजामत तेच करायचे."

आम्हांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाची आठवण झाली. साताऱ्यास न्हावी होते, घरांत पैसेहि होते. परंतु अस्पृश्य मानलेल्या मुलांचे केस कापण्यास कोणी तयार नव्हतें, म्हणून तें काम त्यांची थोरली बहीण करी, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. त्यांनींच पुढें २० मार्च १९२७ रोजीं आमच्या या महाडांत चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. पाणी काय किंवा वस्तरा काय, जें हक्कानें मिळावयाचें तें नाकारलें गेलें; आणि ज्यांस नाकारलें, त्यांनीं तें आपल्या हातांनीं मिळविलें. पात्याचा कोन, पट्ट्याचा ताण, हाताचा हलकेपणा, हें सारें त्या पणजोबांस कोणीहि शिकविलें नसेल.

मुलास अजून मिसरूड फुटलेलें नाहीं. तरीहि दर महिन्यास तो वस्तरा काढून पुसतो, तेलाचें बोट लावतो आणि कोरड्या कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवतो. पुराचें पाणी तेथपर्यंत पोंचूं नये, अशी आजीची आज्ञा आहे.