नव्वद दिवसांचा कागद

मस्तगडची गढी 1725 साली काबिल खानानं बांधली, एवढं जालनेकरांना माहीत असतं. तिचे दगड वर कुणी चढवले, त्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. आज जालन्याची सळई गावोगाव जाते. ती बांधणाऱ्या मजुराचं नाव तरी कुठं लिहिलेलं असतं का? आजचा एपिसोड त्याच नावाबद्दल.

कामगार संघटना 1985 पासून वेगळ्या कायद्यासाठी भांडल्या, तेव्हा कुठं 1996 मध्ये तो झाला. हिशोब सोपा आहे. मोठ्या बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर, आणि तो पैसा कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे. महाराष्ट्रात हे मंडळ 2011 मध्ये आलं.

पण गोम इथंच आहे. उपकर इमारतीवर लागतो, लाभ मात्र नोंदणी असलेल्या मजुरालाच मिळतो. वय 18 ते 60 हवं, आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला. मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस आज एका ठेकेदाराकडं, उद्या दुसऱ्याकडं. त्याला सही कोण देणार? गावात ग्रामपंचायत अधिकारी, शहरात महापालिका दाखला देऊ शकते, हे अनेकांना माहीतच नसतं. मग एजंटचं फावतं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सुनावलं: देशभरात 37,400 कोटींहून जास्त जमा झाले, खर्च झाले साधारण 9,500 कोटी.

आता सुरक्षेचं. मंडळाकडून हेल्मेट, बूट वगैरे मिळतात. पण वस्तू मिळाली म्हणजे ट्रेनिंग झालं असं नाही. कमरेला बेल्ट आहे आणि हूक मोकळा लटकतोय, तर त्याचा उपयोग शून्य. हूक हलत्या बांबूला नाही, पक्क्या आधाराला लावायचा, शक्यतो डोक्याच्या वर, म्हणजे पडलाच तर अंतर कमी. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. पण “आधी परांची पक्की करा, मग चढतो,” असं एकटा मजूर म्हणाला, तर उद्या त्याला काम मिळेलच असं नाही. तेच सगळे मिळून म्हणाले, तर ठेकेदाराला ऐकावं लागतं. संघटना लागते ती यासाठी.

तुमच्या गल्लीत काम चालू असेल, तर तिथल्या दादांना, ताईंना एवढंच विचारा: नोंदणी आहे का? यंदा नूतनीकरण केलं का? अर्ज मंडळाच्या वेबसाइटवर आहे, आणि फोन तुमच्या हातात आहेच. दहा मिनिटं त्यांच्यासोबत बसा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!