मुलांचे मन आणि शाळेतील समूहोपचार

वर्गात दंगा करणारे मूल शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. मारामारी, खोटे बोलणे, शाळा बुडवणे या गोष्टींची तक्रार त्याच दिवशी घरी पोचते. परंतु जे मूल मागच्या बाकावर मुकाट बसते, प्रश्न विचारताच ज्याच्या घशाला कोरड पडते, परीक्षेच्या सकाळी ज्याचे हटकून पोट दुखते, त्याची तक्रार कोणी करीत नाही. उलट गुणी म्हणून त्याचे कौतुक होते. वास्तविक या दोघांचे दुखणे एकाच जातीचे असू शकते. भीती, दुःख अथवा आपण नकोसे झालो आहोत ही भावना एकात बाहेर उसळते, तर दुसऱ्यात आत मुरते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुले.

या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची कोलकात्याची परंपरा जुनी आहे. तेथील विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. १९२२ मध्ये डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी पारशीबागान गल्लीतील आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय निघाले, आणि १९४९ मध्ये मनोविश्लेषणाच्या तत्त्वांवर चालणारी ‘बोधायन’ ही मुलांची शाळा सुरू झाली. रुग्णालयाकडून शाळेकडे झालेला हा प्रवास अर्थपूर्ण आहे. दुखणे प्रौढपणी बळावेपर्यंत वाट न पाहता, मूल जेथे दिवसाचा मोठा भाग घालवते तेथेच त्याला गाठावे, हा विचार त्यामागे दिसतो. मुंबईतही १९३७ मध्ये टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते.

शाळेत गेल्यावर मात्र एक अडचण उभी राहते. मुले पुष्कळ आणि उपचार करणारे थोडे. समूहोपचाराचा उगमही अशाच अडचणीत झाला. १९०५ मध्ये बोस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांना एकत्र बसवून आरोग्याचे धडे देण्यास प्रारंभ केला. रोगी एकमेकांना धीर देतात व त्याने त्यांची उमेद वाढते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे सॅम्युएल स्लाव्हसन यांनी ही पद्धत मुलांसाठी वापरली. मुलांना उपदेश न करता त्यांनी चित्रे, हस्तकला व खेळ यांची साधने पुढे ठेवली, आणि मुलांना मोकळेपणाने वागू दिले.

शाळेतील समूहाची रचना साधी असते. जवळपास एकाच वयाची सहा ते आठ मुले, आठवड्यातून एक ठरलेला तास, एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित मार्गदर्शक. नियम थोडेच. कोणी कोणाला मारायचे नाही, हसायचे नाही. बोलण्याची सक्ती नाही. येथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. मात्र एखाद्या मुलाच्या जिवाला धोका आहे किंवा त्याच्यावर अत्याचार होत आहे असे कळल्यास मार्गदर्शकाला गप्प बसता येत नाही, हे मुलांना आरंभीच सांगावे लागते.

समजा, वडील वारल्यापासून एक मुलगा सर्वांवर हात उगारू लागला आहे. चित्र काढताना दुसरा मुलगा सहज म्हणतो, “आमचे आजोबा गेले तेव्हा मलाही सगळ्यांचा राग यायचा.” हे वाक्य वडीलधाऱ्याच्या तोंडून उपदेश ठरले असते; सोबत्याच्या तोंडून ते आधार होते. आपण एकटे नाही, हे मुलाला प्रथमच कळते. पुढे राग आला असता काय करावे, याचा सराव तो याच लहानशा समाजात करतो, आणि एके दिवशी स्वतःच दुसऱ्याला धीर देतो. सोबत्यांमध्ये बिघडलेले वागणे सोबत्यांमध्येच सुधारते, हे या पद्धतीचे मर्म होय.

तथापि मुले एकत्र बसवली म्हणजे उपचार झाला, असे नव्हे. थॉमस डिशियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, केवळ उनाड मुलांचाच गट केल्यास ती परस्परांच्या उनाडपणाला दाद देतात व वागणे अधिक बिघडू शकते. म्हणून गटाची निवड विचारपूर्वक करावी लागते. आत्मघाताचे विचार मनात येणाऱ्या मुलास तर विलंब न लावता तज्ज्ञाकडेच नेले पाहिजे.

गट कोणी चालवावा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रयोग समूहोपचारापुरता नव्हता. संपूर्ण शाळेचे वातावरण सुधारण्याचा तो कार्यक्रम होता. काही शाळांत तो प्रशिक्षित समुपदेशकांनी राबवला, काहींत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत खिन्नता व दांडगाई घटली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. यावरून शिक्षकांस दोष देणे अन्यायाचे होईल. शिकवणे, तपासणे, शिस्त राखणे या ओझ्याखाली तेच हेही काम कसे करणार? शिवाय जो गुण देतो व शिक्षाही करतो, त्याच्यापुढे मन उघडे करणे मुलाला कठीण जाते.

शिक्षकाचे काम वेगळे, पण मोलाचे आहे. दंगेखोर मुलाच्या दंग्यामागे आणि मुकाट मुलाच्या मौनामागे काय असावे, असा प्रश्न प्रथम त्यालाच पडावा लागतो. त्यापुढे शाळेने द्यावयाचे ते एवढेच : एक खोली, आठवड्याचा एक तास आणि या कामासाठीच नेमलेली एक जाणती व्यक्ती. मोठ्या रुग्णालयाच्या मानाने हा खर्च अल्प आहे. तो वेळीच न केल्यास त्याची किंमत त्या मुलाला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते.