झाडं लावली की दरड थांबते?

माळीण, तळिये, इर्शाळवाडी. दरड कोसळली की आपल्याकडे डोंगरावर रोपं लावायची टूम निघते. टूम वाईट नाही, पण तिच्यामागचे समज भाबडे आहेत. ते तपासायला उत्तराखंडचा चमोली जिल्हा पाहावा.

गैरसमज : जंगल असलं की संकट टळतं.
जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला. मदतीला धावलेल्या चंडीप्रसाद भट्ट आणि दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या कार्यकर्त्यांना दिसलं, की जिथे झाडं तोडली होती तिथलेच उतार जास्त घसरले होते. पुढे १९७३ मध्ये झाडतोड रोखणारं चिपको आंदोलन उभं राहिलं. मार्च १९७४ मध्ये रेणी गावच्या बायकांनी गौरादेवींच्या पुढाकाराने झाडं तोडायला आलेली ठेकेदाराची माणसं परत पाठवली. मात्र ७ फेब्रुवारी २०२१ला याच रेणीजवळ ऋषिगंगेतून खडक, बर्फ आणि गाळाचा लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. कडा तुटला तो रोंटी शिखराचा, जिथे झाडं उगवतच नाहीत. मुळं धरतात ती वरची मीटर-दोन मीटर माती. त्यामुळे उथळ दरडी कमी होतात. खोलवर फुटलेला खडक झाडांना आवरत नाही.

गैरसमज : हिरवं दिसलं की झालं.
चीड म्हणजे पाइनच्या वाळक्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात तो पेटतो आणि पाऊस सुरू होताना उतार उघडा पडलेला असतो. बांज म्हणजे ओकच्या झाडाखाली मात्र कुजलेल्या पानांचा थर साचतो, पाणी मुरतं. शिवाय चारा आणि सरपणही मिळतं. गावाला जपावंसं वाटतं ते हेच झाड.

गैरसमज : गावाच्या हाती दिलं की जंगल सुरक्षित.
गाव म्हणजे नक्की कोण? १९८० मध्ये चमोलीतल्याच डुंगरी-पैंतोली गावात पक्का रस्ता, शाळा, दवाखाना, वीज यांच्या बदल्यात बांजचं जंगल बटाट्याच्या शेतीसाठी तोडायला पुरुषांनी होकार दिला. चाऱ्या-लाकडासाठी मैलोन्‌मैल पायपीट कुणाला करावी लागेल, हे ओळखून बायका आडव्या आल्या. गावसमितीच्या कागदावर कुणाच्या सह्या आहेत, हे पाहायचं ते म्हणूनच.

गैरसमज : रोपं लावली, काम संपलं.
पहिली काही वर्षं चराईबंदी, वणव्यावर नजर आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लागतात. तोवर मुळांचा भरवसा धरता येत नाही. उताराला भेगा दिसत असतील, झरे अचानक गढूळ होत असतील, तर आधी माणसं हलवायची. रोपांचे खड्डे पुढच्या पावसाळ्यात खणता येतात.