उंचीचे गणित

मोटारसायकलस्वारांचे मेळावे जगात अनेक ठिकाणी भरतात. अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यात स्टर्जिस या लहानशा गावी १९३८ मध्ये सुरू झालेल्या मेळाव्याला ऑगस्ट महिन्यात लाखो लोक जमतात. भारतात मात्र मैदानी प्रदेशातील उन्हाळा कडक असतो. त्यामुळे गोव्यात २०१३ साली सुरू झालेला ‘इंडिया बाइक वीक’ हिवाळ्यात भरत आला आहे, तर उन्हाळी मोहिमा हिमालयाकडे वळतात. रॉयल एनफील्ड कंपनीची दिल्ली ते लडाख ही ‘हिमालयन ओडिसी’ अशा मोहिमांपैकी एक होय.

जयपूरच्या मुरलीपुरा वस्तीतून अशा प्रवासाला निघणाऱ्या दुचाकीस्वाराला मनालीमार्गे लेहपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर अंतर कापावे लागते. परंतु प्रवासाची आखणी केवळ अंतरावर करणे धोक्याचे ठरते. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, तर त्यापुढील खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. साहजिकच प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी होतो. इंजिनलाही हवा अपुरी पडते आणि त्याची शक्ती घटते.

शरीर या बदलाशी जुळवून घेते. मात्र त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालते. रात्री कोठे झोपावे, याला अधिक महत्त्व असते. म्हणूनच मनालीहून निघाल्यावर सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या सरचू येथे पहिला मुक्काम करण्यापेक्षा सुमारे ३,२०० मीटरवरील जिस्पा येथे थांबणे हितकारक असते. श्रीनगर–कारगिल मार्गाने चढ अधिक सावकाश होतो. कोणत्याही मार्गाने गेले तरी लेहला किमान दोन रात्री विश्रांती घेऊनच खारदुंग लाकडे जावे. डोकेदुखी, मळमळ किंवा अतिशय थकवा जाणवल्यास आणखी वर चढू नये. धाप विश्रांतीनंतरही न थांबल्यास, तोल गेल्यास किंवा बोलणे असंबद्ध झाल्यास ताबडतोब खाली उतरून वैद्यकीय मदत घ्यावी.

उर्वरित तयारी घरी करता येते. ब्रेक, टायर व साखळी यांची तपासणी करून घ्यावी. वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र सोबत असावे. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट चालकाने व मागे बसणाऱ्यानेही घालावे. जयपूर–दिल्ली टप्पा पहाटे सुरू केल्यास दुपारचे ऊन टळते. केलाँगजवळील तांडी येथे टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण पुढे दूरवर पेट्रोल मिळण्याचा भरवसा नसतो. दरड कोसळल्यास रस्ता बंद होतो, म्हणून एक-दोन दिवस राखून ठेवावेत.

हे राखीव दिवस वाया गेले, असे अनेकांना वाटते. रजा थोडी आणि उत्साह मोठा असतो. परंतु मोहिमेची तारीख चुकली तर पुढील उन्हाळा येतोच. उंचीशी घाई करणाऱ्याला मात्र अशी दुसरी संधी मिळेलच, असे नाही.