कुतूहल : दोन भाषांमुळे बाळ उशिरा बोलतं का?

कर्नाटकातल्या भालकी, औराद, आळंदकडच्या कितीतरी घरांत आजी मराठीत बोलते, अंगणवाडीत कन्नड असते, शेजारी दखनी. मूल बोलायला उशीर करू लागलं की दोष भाषांवर येतो. तो अन्यायाचा आहे. बोलण्याचे टप्पे साधारण असे: सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा’ अशी बडबड, वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोड. दोन भाषा ऐकणारं बाळही साधारण याच टप्प्यांनी जातं. फक्त त्याचे शब्द दोन डब्यांत भरलेले असतात. एकच डबा उघडला, की साठा कमी दिसणारच. ‘पाणी’ आणि त्याचं कन्नड ‘नीरु’ दोन्ही मोजा. ‘मला नीरु दे’ हा गोंधळ नव्हे; जो शब्द आधी आठवला तो त्याने वापरला. घरची मराठी मुळीच सोडू नका. पण दोन वर्षांनंतरही शब्द जुळत नसतील किंवा मूल हाकेला वळत नसेल, तर वाट न पाहता आधी कान तपासून घ्या.